चेरीवरची माशी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

गैरसमज : माशी सडक्या फळावरच येते; बाग स्वच्छ ठेवली की झालं.

वस्तुस्थिती : पिकून काळ्या पडलेल्या केळ्यांवर घोंघावणाऱ्या चिलटांबाबत हे खरं आहे. त्यांच्याच गोतावळ्यातली ‘ड्रॉसोफिला सुझुकी’ मात्र ताज्या फळाच्या मागे असते. पूर्व आशियातली ही माशी २००८ मध्ये कॅलिफोर्निया, स्पेन आणि इटलीत सापडली आणि तिथल्या चेरी बागायतदारांची झोप उडाली. जेमतेम तीन मिलिमीटरची मादी. पण तिच्या अंडी घालण्याच्या अवयवाला करवतीसारखे दाते असतात. नुकत्याच रंगू लागलेल्या, टणक चेरीची साल चिरून ती आत अंडं घालते. फळ वरून तुकतुकीत दिसतं. भिंगाखाली धरलं तर बारीकसं छिद्र आणि त्यातून डोकावणारे दोन पांढुरके धागे दिसतात. अंडं त्यांतूनच श्वास घेतं! पडलेली फळं वेचायची ती पुढची पिढी रोखायला, पण तेवढ्यानं भागत नाही.

गैरसमज : फवारण्या वाढवा, प्रश्न मिटेल.

वस्तुस्थिती : फळाच्या आतल्या अळीपर्यंत बरीचशी औषधं पोचतच नाहीत. उबदार हवेत दोनेक आठवड्यांत नवी पिढी तयार होते, आणि नेमकी तेव्हाच काढणी तोंडावर असल्यानं फवारायला मोकळीक नसते. पायरेथ्रॉइड गटातली औषधं लाल कोळी खाणाऱ्या मित्रकोळ्यांनाही मारतात. मग लाल कोळी फोफावतात. औषधांची यादीही आखडते आहे. फ्रान्सनं २०१६ मध्ये चेरीवर डायमेथोएट हे कीटकनाशक बंद केलं आणि ते वापरणाऱ्या देशांतली चेरीही अडवली.

सापळ्यांवर भिस्त ठेवणारेही आहेत. आपल्या आंबाबागेत मिथाइल युजेनॉल फळमाशीच्या नरांना खेचतं. सुझुकीला त्याचं सोयरसुतक नाही. तिच्यासाठीचा व्हिनेगर-वाइनचा सापळा मुख्यतः माशी आली का, हे कळण्यापुरता.

गैरसमज : घन लागवड म्हणजे किडीला आमंत्रण.

वस्तुस्थिती : छाटणी हयगयीची असेल तर दाट, दमट सावली माशीला मानवते, हे खरं. पण ‘गिसेला ५’सारख्या खुजं ठेवणाऱ्या खुंटावरची झाडं बेताच्या उंचीची राहतात, म्हणून अख्खी रांग एक मिलिमीटरहून बारीक जाळीनं झाकता येते. माझ्या मते घन लागवडीचा हाच सर्वांत मोठा फायदा. परागीकरणाला मधमाश्या लागतात, त्यामुळे जाळी फुलोरा संपल्यावर, पण फळ रंगायच्या आत बंद करायची. त्यानंतरही आत चक्कर हवीच : जाळी मावा खाणाऱ्या ढालकिड्यांनाही बाहेर ठेवते, आणि चेरीचा काळा मावा आत निवांत वाढतो.