चार मोटारी, एक बोर्ड आणि तोल : घरच्या घरी चालणारा यंत्रमानव



बँकेत छत्तीस वर्षे काढलेल्या माणसाने यंत्रमानवावर लेख लिहावा, याचे काहींना नवल वाटेल. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. फ्यूज बदलण्यापलीकडे विजेच्या वाटेला मी कधी गेलो नव्हतो. पण गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझा नववीतला नातू शाळेच्या प्रदर्शनासाठी दोन पायांवर चालणारा छोटा यंत्रमानव करायला बसला आणि मदतनीस म्हणून मीही त्याच्याजवळ बसलो. त्या तीन आठवड्यांत जे समजले ते इथे लिहीत आहे. आपल्या मुलांपैकी कुणाला हे करावेसे वाटले, तर आमच्या चुका तरी त्यांना टाळता येतील.

सर्व्हो म्हणजे काय?

साधी मोटार वीज दिली की फिरतच राहते. पायाला असे गरगर फिरून चालत नाही. त्याला नेमक्या कोनात वळायचे असते आणि तिथे थांबायचेही असते. हे काम सर्व्हो मोटार करते. काड्यापेटीहून लहान अशा त्या डबीत चार गोष्टी असतात : एक बारीक मोटार, वेग कमी करून जोर वाढवणारी दातेरी चाके, आस किती वळली आहे हे सांगणारा एक फिरता रोध आणि या सर्वांवर लक्ष ठेवणारे छोटे सर्किट. हवा असलेला कोन आणि प्रत्यक्षातला कोन यांत फरक असेल तर सर्किट मोटार फिरवते आणि फरक मिटला की थांबवते. रोज संध्याकाळी रोकड आणि वही जुळेपर्यंत कॅशिअरला घरी जाता येत नसे, तसाच हा प्रकार.

सर्व्होला तीन तारा असतात. आमच्या सर्व्होत तपकिरी ऋण, लाल धन आणि नारिंगी निरोपाची होती. दर २० मिलिसेकंदांनी, म्हणजे सेकंदाला ५० वेळा, नारिंगी तारेतून विजेचा एक छोटा ठोका जातो. ठोका साधारण १ मिलिसेकंद टिकला तर आस एका टोकाला जाते, २ मिलिसेकंद टिकला तर दुसऱ्या टोकाला आणि दीड मिलिसेकंद टिकला तर मध्यावर येते. म्हणजे ठोका किती वेळ टिकला, हाच निरोप.

छंद म्हणून काम करणारे बहुतेक लोक सुरुवातीला एसजी-९० नावाचा सर्व्हो घेतात. त्याचे वजन ९ ग्रॅम आणि जोर १.८ किलो-सेंटिमीटर. याचा अर्थ असा, की आसापासून एक सेंटिमीटर अंतरावर तो १.८ किलो वजन पेलेल, पण सहा सेंटिमीटरवर फक्त ३०० ग्रॅम. हात लांब करून पाण्याची घागर धरून पाहा, म्हणजे हे गणित खांद्याला कळते. म्हणून पाय आखूड आणि अंग हलके ठेवावे.

मेंदूचे काम करणारा बोर्ड

हे ठोके वेळेवर देण्याचे काम मायक्रोकंट्रोलर करतो. एका चिपमध्ये बसवलेला हा लहानसा संगणक आहे. त्याला पडदा नाही की कळफलक नाही. एकदा प्रोग्रॅम भरला की तेवढेच काम तो इमानाने करत राहतो. या छंदात आर्डुइनोचे बोर्ड सर्वांत परिचित आहेत. २००५ साली इटलीतील इव्ह्रिया गावी ते विद्यार्थ्यांसाठी तयार झाले. तिथल्या एका बारचे नाव बोर्डाला मिळाले आणि त्या बारचे नाव हजार वर्षांपूर्वीच्या आर्डुइन राजावरून पडलेले होते. आर्डुइनो उनो या बोर्डावरच्या चिपची प्रोग्रॅमसाठीची जागा अवघी ३२ किलोबाइट आहे. मोबाईलमधला एक फोटोसुद्धा तिच्यात मावणार नाही, पण चार पायमोटारींना ती भरपूर होते. आम्ही त्याच चिपचा, आकाराने लहान असा नॅनो बोर्ड वापरला.

दोन पायांवर चालणे

आमच्या यंत्रमानवाला चारच सर्व्हो होते : दोन खुब्यांना, दोन घोट्यांना. जगभर लोकप्रिय असलेला ऑटो नावाचा छोटा यंत्रमानवही असाच चार सर्व्होंवर चालतो. गुडघा नसताना चालायचे कसे, हा मलाही प्रश्न पडला होता. नातू म्हणाला, "आजोबा, उभं राहा आणि गुडघे न वाकवता चालून बघा." चाललो आणि उत्तर मिळाले.

पाऊल उचलण्याआधी आपण दुसऱ्या पायावर कलतो. अंगाचा भार उजव्या तळव्यावर आला की डावा पाय मोकळा होतो. यंत्रातही तेच. आधी घोट्याच्या मोटारी अंग उजवीकडे कलवतात. मग खुब्याच्या मोटारी वळतात आणि मोकळा डावा पाय पुढे येतो. घोटे सरळ झाले की दोन्ही पावले टेकतात. मग हेच सर्व डाव्या बाजूने. थोडक्यात, कल, वळण, टेक, पुन्हा कल. गुरुत्वमध्याची सरळ रेघ टेकलेल्या तळव्याच्या आत पडते आहे तोवर तो उभा राहतो. ती बाहेर गेली की पडतो. म्हणून तळवे थोडे रुंद करतात. आम्ही जुन्या रबरी चपलेचे तुकडे कापून तळव्याला चिकटवले. त्यामुळे गुळगुळीत फरशीवरचे घसरणे थांबले.

चार पायांचे गणित वेगळे. आमच्या कमठाण्यात रस्त्याने जाणारी देवणी जनावरे आम्ही दोघे ओट्यावर बसून पाहत असू. संथ चालीत जनावर आधी एका बाजूचा मागचा पाय उचलते, मग त्याच बाजूचा पुढचा, मग दुसऱ्या बाजूचा मागचा आणि शेवटी पुढचा. अगदी सावकाश चालताना तीन पाय जमिनीवरच असतात आणि त्या तिवईच्या आत भार राहतो, म्हणून तोल जात नाही. चार पायांच्या यंत्राला प्रत्येक पायाला दोन धरले तर आठ सर्व्हो लागतात, तीन धरले तर बारा. खर्च वाढतो, पण पडण्याची भीती कमी होते.

आमच्या चुका

पहिली चूक माझी. सर्व्होची आस मी हाताने जोर लावून फिरवून पाहिली. आत कट् असा आवाज झाला आणि प्लास्टिकच्या चाकाचा दाता तुटला. सर्व्होला हाताने कधीही पिळू नये.

दुसरी चूक नातवाची. मोटार कोणत्या कोनात आहे हे न बघताच त्याने पाय जोडले. वीज देताच दोन्ही पाय एकमेकांत अडकले. योग्य रीत अशी : आधी प्रोग्रॅमने प्रत्येक सर्व्हो ९० अंशांवर, म्हणजे मध्यावर आणावा, आणि मगच पाय सरळ ठेवून स्क्रू पिळावा.

तिसरी अडचण मात्र मोठी निघाली. एकेक मोटार वेगळी चालवली तर उत्तम चाले. चारही एकदम चालवल्या की यंत्रमानव थरथरे, अर्धे पाऊल टाके आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. नातवाला वाटले, प्रोग्रॅम चुकला. त्याने तो तीन दिवस पुन्हा पुन्हा लिहिला. प्रदर्शन सोमवारी होते. शुक्रवारी रात्री त्याने सगळे सामान खोक्यात भरले आणि म्हणाला, "मला नाही जमणार. मी तक्ता करून नेतो." तो जेवलाही नाही.

प्रोग्रॅम मला वाचता येत नव्हता, पण एक गोष्ट नजरेत भरली होती. मोटारींनी हिसका दिला की बोर्डावरचा दिवा, नुकती वीज लावल्यावर लुकलुकतो तसाच लुकलुकत होता. म्हणजे बोर्ड मधेच बंद पडून पुन्हा सुरू होत होता. मला खाते आठवले. एकेक चेक आला तर वटतो. चार चेक एकाच दिवशी आले आणि शिल्लक तेवढी नसेल, तर परत जातात. त्यात चेक लिहिणाऱ्याचे अक्षर चुकलेले नसते. शिल्लकच कमी असते.

शनिवारी सकाळी आम्ही हिशेब मांडला. हा छोटा सर्व्हो जोर लावताना अडकला तर पाऊण अँपिअरच्या आसपास प्रवाह ओढतो. असे चार म्हणजे जवळपास तीन अँपिअर. आम्ही सगळे चालवत होतो लॅपटॉपच्या यूएसबीवर, जिथून साधारण अर्धाच अँपिअर मिळतो. मागणी वाढली की व्होल्टेज खाली येई आणि बोर्ड स्वतःला बंद करून पुन्हा सुरू करी.

उपाय सोपा होता. मोटारींना चार्ज होणारे चार सेल दिले, एकूण ४.८ व्होल्ट. बोर्डाला नऊ व्होल्टची वेगळी चौकोनी बॅटरी दिली. सेलच्या धन आणि ऋण टोकांमध्ये १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला, म्हणजे अचानक मागणी आली तर हाताशी थोडी रोकड असावी तसे. हा कपॅसिटर उलटा लावू नये, त्याच्यावरची ऋण खूण पाहून लावावा. आणि सर्वांत महत्त्वाचे, दोन्ही बॅटऱ्यांची ऋण टोके एकमेकांना जोडली. खाती दोन असली तरी शून्य एकच पाहिजे, नाहीतर बोर्डाचा निरोप सर्व्होला समजत नाही.

शनिवारी दुपारी यंत्रमानव जेवणाच्या टेबलावर अकरा पावले चालला आणि काठावरून पडला. खाली नातवाच्या आजीने उशी ठेवली होती, म्हणून वाचला.

खर्च

हिशेब लिहून ठेवण्याची जुनी सवय आहे. पाच सर्व्हो (एक माझ्या नावे) ६०० रुपये, बोर्ड ३२०, तारा व ब्रेडबोर्ड १५०, चार्ज होणारे सेल व त्यांचे घर ४५०, नऊ व्होल्टची बॅटरी व कपॅसिटर ६०. एकूण १५८० रुपये. चार्जर घरात होता. अंग जाड पुठ्ठ्याचे केले. सामान माझ्या मुलाने हैदराबादच्या कोठी भागातील गुजराती गल्लीतून आणले. लिथियमचे सेल मुलांच्या हाती एकट्याने देऊ नयेत. त्यांची टोके जुळली तर आग लागू शकते.

हे खेळणे एवढेच आहे का?

पायांवर चालणारे यंत्र हा मोठ्यांनाही सहज न सुटलेला प्रश्न आहे. जपानच्या वासेदा विद्यापीठात १९७३ साली दोन पायांवर चालणारा वाबोट-१ तयार झाला. होंडा कंपनीने १९८६ साली काम सुरू केले आणि आसिमो जगापुढे आला २००० साली. आपल्या राज्यात बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत स्टॉच नावाचा चार पायांचा यंत्रमानव विकसित झाला आहे. पुण्याच्या बालेवाडी क्रीडासंकुलात २००८ साली आशियाई देशांतील महाविद्यालयीन मुलांची रोबोकॉन स्पर्धा झाली, तिचा विषय चक्क गोविंदा आणि दहीहंडी होता. २०१९ साली उलानबातरच्या स्पर्धेत तर एका यंत्राने चार पायांवरच चालत जायचे, असा नियम होता. सरकारच्या अटल टिंकरिंग लॅब योजनेतून अनेक शाळांत असे सामान आलेले आहे. आपल्या मुलाच्या शाळेत ते आहे का आणि कपाटाला कुलूप आहे की मुलांच्या हाती आहे, हे पालकांनी जरूर विचारावे.

आणखी एक गोष्ट सांगतो. नातू शाळेत कन्नड आणि इंग्रजीत शिकतो. घरी मराठी बोलतो, पण अलीकडे "हो", "नाही", "नको" एवढेच उरले होते. या तीन आठवड्यांत खुबा, घोटा, तळवा, कल, तोल, हिसका, आस हे शब्द त्याच्या तोंडी बसले. प्रोग्रॅममध्ये मोटारींची नावे त्याने रोमन अक्षरांत का होईना, पण डावा खुबा, उजवा घोटा अशीच लिहिली. प्रदर्शनात शिक्षकांनी खुबा म्हणजे काय असे विचारले. खुबा हे आपल्या भागात आडनावही असल्याने वर्गात हशा पिकला. मग त्याने कमरेवर हात ठेवून कन्नडमध्ये अर्थ समजावून सांगितला. बक्षीस मिळाले नाही. यंत्रमानव मात्र दिवसभरात बऱ्याच वेळा चालला आणि संध्याकाळी सेल उतरल्यावरच थांबला.

आता आम्ही चार पायांचे जनावर करायला घेतले आहे. आठ सर्व्हो लागतील, म्हणजे सहा अँपिअरची तरतूद आधी करावी लागेल. ज्या सभासदांच्या मुलानातवंडांना यात रस असेल त्यांनी रविवारी सकाळी दहानंतर आमच्या ओट्यावर यावे. येताना जुनी रबरी चप्पल आणावी, तळव्यांना लागते.