बुलेट बदलावी की ठेवावी? साठीनंतरच्या दुचाकी प्रवासाचा आरोग्यविचार

तीस-पस्तीस वर्षांपूर्वी हौसेने घेतलेली बुलेट आजही अनेक घरांच्या अंगणात उभी असते. आंबेनळी, कुंभार्ली, आंबोली असे घाट तिने मालकासह पालथे घातलेले असतात. आता मालकाने साठी ओलांडलेली असते, गाडीचे सुटे भाग शोधत फिरावे लागते आणि घरात दोन मते पडतात. मुलांना वाटते, गाडी विकून टाकावी आणि बाबांनी यापुढे चारचाकीनेच फिरावे. बाबांना वाटते, एखादी नवी, बिनत्रासाची गाडी घ्यावी आणि आणखी दहा वर्षे फिरावे. आई बहुधा दोघांच्या मधोमध असते. तिचे मत मात्र कुणी विचारलेले नसते.

दोन्ही बाजूंना आधार आहे. 2022 साली भारतात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांतील 44 टक्क्यांहून अधिक दुचाकीवरील होती. तेव्हा मुलांची काळजी अनाठायी म्हणता येत नाही. दुसरीकडे, निवृत्तीनंतर स्वतःच्या मर्जीने घराबाहेर पडता येणे, जुन्या मित्रांसोबत चार दिवस भटकून येणे, यावर मनाचे आरोग्य मोठ्या प्रमाणात अवलंबून असते. ते एका फटक्यात काढून घेतले, तर माणूस खचतो.

अशा वेळी तीन प्रश्न वेगवेगळे विचारावेत. गाडी धडधाकट आहे का? शरीर धडधाकट आहे का? आणि ही गाडी या शरीराला साजेशी आहे का? पहिल्या दोन प्रश्नांवर घरोघरी वाद होतात. निर्णय मात्र तिसऱ्या प्रश्नावर व्हायला हवा.

गाडीची तपासणी

खासगी दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर तपासणी होऊन ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. म्हणजे केवळ जुनी झाली म्हणून गाडी बाद होत नाही. मात्र कागदपत्रे पूर्ण असणे आणि गाडी लांबच्या प्रवासास योग्य असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

टायरच्या कडेला चार आकडे असतात. ‘1419’ असे असेल, तर तो टायर 2019 च्या चौदाव्या आठवड्यात तयार झाला आहे. गाडी फारशी चालत नसली, तरी रबर कडक होते आणि ओल्या रस्त्यावर पकड सोडते. नक्षी शिल्लक दिसते म्हणून जुन्या टायरवर विसंबू नये. याखेरीज ब्रेक, क्लचची केबल, वायरिंग आणि दिव्याचा प्रकाश जाणत्या मेकॅनिककडून तपासून घ्यावा आणि त्याचा खर्च एका कागदावर मांडावा. हा झाला पैशांचा हिशेब. तो सोपा असतो.

सुरक्षिततेचा हिशेब निराळा आहे. जुन्या बुलेटला दोन्ही चाकांना ड्रम ब्रेक असत. 125 सीसीहून मोठ्या सर्व नव्या दुचाकींना 1 एप्रिल 2019 पासून एबीएस बंधनकारक झाले. घाबरून ब्रेक करकचून दाबला, तर चाक जागीच अडकते आणि गाडी घसरते. एबीएस ब्रेकचा दाब क्षणोक्षणी कमी-अधिक करून चाक फिरते ठेवते. समोर अचानक गुरे येतात, पावसात घाटाच्या वळणावर चिखल येतो, अशा वेळी ही सोय फार मोलाची ठरते. नवी गाडी घेण्याचे सर्वांत सबळ कारण हेच आहे. मात्र काही मॉडेलांत एबीएस एकाच चाकाला असते. ते दोन्ही चाकांना आहे ना, हे खरेदीपूर्वी विचारून घ्यावे.

शरीराची तपासणी

वयानुसार स्नायूंची ताकद घटते, प्रतिसाद मंदावतो, मान पूर्वीइतकी वळत नाही. मोतीबिंदू सुरू झाला असेल, तर समोरच्या वाहनाच्या दिव्याने डोळे दिपतात आणि पुन्हा स्पष्ट दिसायला वेळ लागतो. काचबिंदूत नजरेचा घेर कडेने आक्रसतो आणि रुग्णाला ते बराच काळ जाणवतही नाही. म्हणून लांबच्या प्रवासाचा बेत आखण्यापूर्वी नेत्रतज्ज्ञांकडून संपूर्ण तपासणी करून घ्यावी. केवळ चष्म्याचा नंबर काढणे पुरेसे नाही.

मधुमेह असणाऱ्यांनी दोन गोष्टींकडे लक्ष द्यावे. तळपायांची संवेदना कमी झाली असेल, तर पायाच्या ब्रेकवर किती दाब पडतो आहे, हे नीट कळत नाही. आणि इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असतील, तर जेवण लांबल्यास वाटेतच घाम फुटून भोवळ येऊ शकते. सर्दी-खाजेवरील काही गोळ्यांनी आणि झोपेच्या औषधांनी दुसऱ्या दिवशीही गुंगी राहते. रक्त पातळ ठेवणारी औषधे घेणाऱ्यांना डोक्यावरचा साधा मारही महागात पडू शकतो. आपल्या सर्व औषधांची चिठ्ठी डॉक्टरांपुढे ठेवून, ‘मी दिवसाला दोनशे किलोमीटर मोटारसायकल चालवणार आहे’, असे स्पष्ट सांगावे. न सांगितल्यास ते त्या दृष्टीने विचार करण्याची शक्यता कमी असते.

वय वाढते तशी तहानेची जाणीवही मंदावते. लघवीला वारंवार जावे लागते म्हणून अनेक जण प्रवासात पाणी टाळतात. उन्हात हेल्मेट आणि जाड जाकीट घालून तासन्‌तास बसलेल्या माणसासाठी हे धोक्याचे आहे. तासाभराने थांबणे, उतरणे, थोडे चालणे आणि घोटभर पाणी पिणे, हे वेळापत्रकातच धरावे.

दोघांची जुळणी

आता तिसरा प्रश्न. जुनी बुलेट सुरू करताना अ‍ॅमीटरचा काटा मधोमध आणून, डीकॉम्प्रेसरचा खटका दाबून मग किक मारावी लागे. किक उलटली, तर घोट्याला आणि गुडघ्याला जबर हिसका बसे. गुडघ्याची झीज झालेल्या माणसासाठी बटनावर सुरू होणारी गाडी ही चैन नसून गरज आहे. नव्या 350 सीसी इंजिनांत थरथर कमी करणारी योजना असते. हाताला मुंग्या येणाऱ्यांना तिचा फरक जाणवतो.

परंतु नवी गाडी हलकी असेलच, असे समजू नये. क्लासिक 350 सुमारे 195 किलोची आहे, मीटिऑर 350 सुमारे 191 किलोची, तर हंटर 350 सुमारे 181 किलोची. बसण्याची उंचीही पाहावी: क्लासिकची साधारण 80 सेंटीमीटर, मीटिऑरची 76 सेंटीमीटरच्या आसपास. ज्येष्ठांच्या बाबतीत गाडी अनेकदा वेगात नव्हे, तर थांबताना, वळवताना, खडीवर पाय टेकताना किंवा उतारावर उभी करताना कलंडते. अशा वेळी दोन्ही पाय जमिनीवर पूर्ण टेकणे हाच मोठा आधार असतो. म्हणून दुकानात फेरी मारण्यापूर्वी गाडी हाताने ढकलून मागे घ्यावी, मधल्या स्टँडवर चढवून पाहावी, पाच वेळा चढावे आणि उतरावे. धाप लागली किंवा कंबर धरली, तर ती गाडी कितीही देखणी असली, तरी आपली नव्हे.

आणखी एक धोका सहसा कुणी सांगत नाही. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला असे. आजच्या सर्व गाड्यांत हे नेमके उलट आहे. तीस वर्षे डाव्या पायाने ब्रेक दाबलेल्या माणसाला शांतपणे चालवताना नवी रचना जमते. परंतु कुत्रे आडवे आले, की पाय जुन्या सवयीनेच खाली जातो. तेथे आता ब्रेक नसतो, गिअर असतो. म्हणून नवी गाडी घेतल्यावर निदान महिनाभर मोकळ्या मैदानात आणि कमी वर्दळीच्या रस्त्यावर अचानक थांबण्याचा सराव करावा, आणि त्या काळात जुनी गाडी चालवू नये. ‘नवी प्रवासाला, जुनी रविवारी’ ही वाटणी ऐकायला गोड वाटते. या बाबतीत ती घातक आहे. जुनी ठेवायचीच असेल, तर ती आठवण म्हणून अंगणात ठेवावी.

मागे बसणाऱ्यांचे मत

रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांची हाडे झपाट्याने ठिसूळ होऊ शकतात. खड्ड्यातील एका हिसक्याने मणक्याला चीर पडू शकते, हात टेकून पडल्यास मनगट मोडते. एका बाजूला बसून लांबचा प्रवास मुळीच करू नये. मागे रुंद बैठक, पाठीला टेकू आणि दोन्ही बाजूंना पावले ठेवण्याची जागा हवी. आईने गाडीवर बसून पाहावे आणि तिला नको वाटले, तर तो शब्द प्रमाण मानावा. हेल्मेट दोघांनाही हवे. ते भारतीय मानक चिन्हाचे आणि हनुवटी झाकणारे असावे.

घरातील बोलणे

मुलांनी किल्ली लपवू नये, परस्पर गिऱ्हाईक आणू नये. गाडीला ओरखडा पडला, त्याच रात्री हा विषय काढू नये. त्याऐवजी एका सकाळी बाबांच्या मागून दुसऱ्या वाहनाने वीस किलोमीटर जावे. सिग्नल द्यायचे राहते का, वळणावर गाडी बाहेर जाते का, थांबताना पाय चाचपडतो का, हे शांतपणे पाहावे. जे दिसले, तेवढेच सांगावे. बाबांनी आपणहून रात्रीचे आणि पावसातले चालवणे सोडले असेल, तर ते शहाणपणाचे लक्षण समजावे.

पंचावन्न वर्षांनंतर नूतनीकरण केलेला वाहन परवाना पाच वर्षांपुरता असतो आणि त्यासाठी डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडावे लागते. बहुतेक जण हा सोपस्कार म्हणून उरकतात. त्याऐवजी दरवर्षी वाढदिवसाच्या महिन्यात डोळे, कान, साखर, रक्तदाब आणि एका पायावर दहा सेकंद उभे राहता येते का, हे तपासावे. कोणती अडचण आली, की चालवणे थांबवायचे, ते आजच बाबांनी स्वतःच्या हाताने लिहून ठेवावे. मग पुढे थांबण्याची वेळ आली, तर निर्णय मुलांनी लादलेला राहणार नाही. तो त्यांनी स्वतः, धडधाकट असताना घेतलेला असेल.