एकत्र राहा, पण दार असू द्या!

दोन बेडरूमचा फ्लॅट, चार मित्र आणि नुकताच सुरू केलेला व्यवसाय. दिवसा हॉलमध्ये ऑफिस, रात्री तिथेच गाद्या. पुणे-बंगळूरूमध्ये हे दृश्य नवे नाही. राहणे आणि काम एकाच इमारतीत अशी सोय देणारे ‘को-लिव्हिंग’ही आता रुळले आहे. भाडे वाटले जाते, सोबत मिळते. मात्र अशी जागा आखताना किती खुर्च्या मावतील, याआधी हवा, एकांत आणि झोप यांचा विचार हवा.

आपल्या श्वासातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड बंद खोलीत साचतो. बाहेरच्या हवेत त्याचे प्रमाण दहा लाख भागांत सुमारे ४२० असते. दाटीच्या बंद खोलीत ते सहज हजारापुढे जाते. अमेरिकेत २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात २२ जणांची ६००, १००० आणि २५०० अशा तीन प्रमाणांत चाचणी घेतली गेली. प्रमाण वाढले तशी त्यांची निर्णयक्षमता घसरली. नंतरच्या सर्वच अभ्यासांत इतका परिणाम आढळला नाही. पण कोंदट हवेत सर्दी-फ्लूसारखे संसर्ग लवकर पसरतात, हे नक्की. घरातला स्प्लिट एसी बहुधा खोलीतलीच हवा थंड करून फिरवतो, ताजी हवा आत आणत नाही. म्हणून समोरासमोर खिडक्या किंवा एक्झॉस्ट पंखा हवाच.

भिंती पाडल्या की गप्पा वाढतात, हाही समज तपासून पाहावा. अमेरिकेतील दोन कंपन्यांनी मोकळी कार्यालये केली, तेव्हा प्रत्यक्ष बोलणे सुमारे ७० टक्क्यांनी घटले आणि ई-मेल वाढले, असे २०१८ च्या अभ्यासात दिसले. आडोसा नसला की माणूस हेडफोन लावून स्वतःभोवती भिंत उभारतो. फोनवर बोलायला एक छोटी बंद खोली असली, तर बाकीच्यांचेही काम शांतपणे होते.

राहिली झोप. रात्रीचा प्रखर उजेड मेलाटोनिन या संप्रेरकाची निर्मिती रोखतो आणि झोप लांबते. कामाचे टेबल आणि पलंग वेगळ्या खोल्यांत असावेत; जमत नसेल तर मध्ये जाड पडदा आणि रात्री मंद पिवळा दिवा तरी हवा. कामाचे दिवे कधी बंद होणार, हेही सर्वांनी मिळून आधीच ठरवावे.

जागा घेताना वाय-फायचा वेग सगळेच तपासतात. सोबत खिडकी उघडते का आणि दार नीट लागते का, तेही पाहा.