स्टॅच्यू म्हटल्यावर

संपादकांचा निरोप दोन ओळींचा होता. चेन्नईला जाताच आहात तर तिथल्या मनोरंजन पार्कांवर लिहा, पण रोलर कोस्टर नको, ती सगळ्यांची लिहून झालीत. मला साध्या झोपाळ्यावरही गरगरतं, त्यामुळे ही अट माझ्या पथ्यावरच पडली.

शहरातून ईस्ट कोस्ट रोडने दक्षिणेला निघालं की डाव्या हाताला समुद्र कधी दिसतो, कधी बंगल्यांच्या भिंतींआड लपतो. इंजंबाक्कमला व्हीजीपीचं पार्क लागतं. आज त्याची पाटी ‘युनिव्हर्सल किंगडम’ म्हणते, पण जुनी माणसं अजून ‘गोल्डन बीच’च म्हणतात. व्ही. जी. पन्नीरदास हे मद्रासमध्ये घरगुती वस्तू हप्त्यावर विकून मोठे झालेले व्यापारी. त्यांच्या घराण्याने समुद्रकाठी ही जागा उभी केली, आणि कित्येक तमिळ सिनेमांतली गाणी इथल्या वाळूत चित्रित झाली. मुंबईकरांच्या आठवणीत गोराईच्या एस्सेलवर्ल्डला जे स्थान, तेच चेन्नईकरांच्या आठवणीत हिला. एस्सेलवर्ल्ड 1989 मध्ये सुरू झालं आणि 2022 मध्ये मिटलं. ही जागा त्याच्याआधीची आहे आणि अजून चालू आहे.

इतिहास एवढा पुरे, कारण मला पाय रोवून थांबायला लावलं ते एका माणसाने.

त्याला तमिळमध्ये ‘सिलै मनिदन’ म्हणतात. सिलै म्हणजे मूर्ती, मनिदन म्हणजे माणूस. डोक्याला फेटा, पिळदार मिशा, अंगात राजवाड्यातल्या पहारेकऱ्याचा पोशाख. काम काय, तर उभं राहायचं. हसायचं नाही, बोलायचं नाही, हलायचं नाही. पन्नीरदासांनी लंडनला बकिंगहॅम राजवाड्याबाहेरचे पहारेकरी पाहिले आणि त्यावरून त्यांना ही कल्पना सुचली, अशी तिची जन्मकथा सांगतात. त्याला हसवून दाखवणाऱ्याला दहा हजारांचं बक्षीस होतं, हेही तिथे प्रत्येक जण सांगतो. या कामात तीसेक वर्षं काढलेल्या माणसाबद्दल वर्तमानपत्रांनी लिहिलं, तेव्हा दिवसाला सहा तास उभं राहण्याचा हिशोब छापून आला होता.

आपल्याकडे शाळेच्या मधल्या सुट्टीत कुणी ‘स्टॅच्यू!’ ओरडलं की हातातला डब्याचा घास हातातच राहायचा, आणि ‘ओव्हर’ ऐकेपर्यंत जीव टांगणीला लागायचा. मी जास्तीत जास्त अर्धा मिनिट टिकायचो. नाकाला नेमकी तेव्हाच खाज सुटायची. इथे ‘ओव्हर’ म्हणणारं कुणी नाही. पोरं समोर येऊन जीभ काढतात, माकडासारखी नाचतात. मोठी माणसं जास्त वाईट वागतात. एक गृहस्थ त्याच्या डोळ्यांवर फुंकर मारून पाहत होते, बायको मोबाइलवर चित्रण करत होती. पापणी लवली, तेवढीच. आसपास पाळणे घरघरत होते, लोक किंचाळत होते, आणि सगळ्यात घट्ट कोंडाळं पडलं होतं ते काहीच न करणाऱ्या माणसाभोवती.

या शहराला असल्या उलट्यापालट्या खेळांचं वेड आहे की काय, नकळे. तांबरमजवळचं ‘किष्किंता’ पार्क काढलं ते नवोदय अप्पच्चन यांनी, म्हणजे 1984 च्या ‘माय डिअर कुट्टिचातन’ या भारतातल्या पहिल्या थ्रीडी सिनेमाचे निर्माते. आपण तो ‘छोटा चेतन’ म्हणून पुठ्ठ्याचे चष्मे लावून पाहिला. त्यातल्या एका गाण्यात मुलं चालत चालत भिंतीवर आणि मग छतावर जातात. त्यासाठी अख्खी खोली गोल फिरवली होती आणि कॅमेरा खोलीलाच जखडला होता. जग फिरत असतं, आपल्याला वाटतं माणूस फिरला.

चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर ‘श्रमाचा विजय’ हे शिल्प आहे. चार मजूर दगड हलवताहेत, पाठीचे स्नायू तटतटलेले. देवीप्रसाद रायचौधुरींनी केलेलं हे शिल्प 1959 मध्ये तिथे बसवलं. त्यासाठी कलामहाविद्यालयाचा पहारेकरी मॉडेल म्हणून उभा राहिला होता, असं सांगतात. मी संध्याकाळी तिथे गेलो तेव्हा इंजंबाक्कमचा माणूस डोक्यात होता. इथे धातूची माणसं घाम गाळताहेत, तिथे घाम गाळणारा माणूस धातूचा व्हायला बघतोय. मग एका डॉक्टर मित्राला फोन केला.

तो म्हणाला, ‘‘अरे, चालणं सोपं, उभं राहणं अवघड.’’ आपण उभे राहिलो की अर्धा लिटरहून जास्त रक्त पायांकडे उतरतं. ते वर ढकलायचं काम पोटऱ्यांचे स्नायू करतात, पण ते हलले तर. हलायचीच बंदी असली की रक्त खाली साचतं, मेंदूला कमी पडतं आणि धडधाकट जवान संचलनात काठीसारखा आडवा होतो. म्हणून सैनिकांना बुटाच्या आत अंगठे हलवायला, पोटऱ्या आवळायला शिकवतात. वर्षानुवर्षं असं उभं राहिलं तर पायाच्या शिरा फुगून गाठाळतात, गुडघे आणि कंबर कुरकुरतात. त्यात चेन्नईचा मे महिना आणि समुद्रावरची दमट हवा, जिच्यात घाम सुकतच नाही.

ज्यांच्यावरून ही कल्पना आली ते लंडनचे पहारेकरीसुद्धा दोन तास उभे राहून चार तास सुटतात, आणि मध्ये बूट आपटत फेरी मारायची त्यांना मुभा असते. इथे फेरी मारली तर खेळच मोडला.

आणखी एक गोष्ट मला परतीच्या गाडीत आठवली. सप्टेंबर 2021 मध्ये तमिळनाडूच्या विधानसभेत दुकाने व आस्थापना कायद्याची एक दुरुस्ती आली. चेन्नईतल्या टी. नगरच्या साड्यांच्या दुकानांत दिवसभर उभ्या राहणाऱ्या मुलींना बसायला मिळावं, म्हणून. केरळने ते आधी केलं होतं. मालकाने बसायची सोय करायची, कामाचे सगळे तास कुणाला पायांवर काढायला लावायचे नाहीत. मूळ कायद्यात आस्थापना म्हणजे फक्त दुकान नव्हे, करमणुकीची ठिकाणंही त्यात येतात. ज्याचं कामच उभं राहणं आहे त्याच्यासाठी खुर्ची कुठे मांडायची? वकिलांनी हे हसण्यावारी नेलं तर नेवोत, मला काही हसू आलं नाही.

यंत्रं बंद पडतात तेव्हा निदान बातमी होते. मे 2025 मध्ये व्हीजीपीच्याच पार्कातला एक उंच पाळणा अधांतरी अडकला, तीसहून अधिक माणसं काही तास वर लटकली, अग्निशमन दलाने त्यांना उतरवलं. माणूस आतून थकला तर कुठला दिवा लागतो?

2020 च्या उन्हाळ्यानंतर, पार्कं कुलूपबंद असताना, मोबाइलवर एक निरोप फिरला: सिलै मनिदन करोनाने गेला. लोक हळहळले, लहानपणीचे त्याच्यासोबतचे फोटो शोधून एकमेकांना पाठवू लागले. शेवटी त्याला स्वतःला कॅमेऱ्यासमोर यावं लागलं. साध्या कपड्यांत, फेट्याशिवाय. तो बोलला, मान हलवली, आणि मी जिवंत आहे असं सांगितलं.