शाळेची परसबाग : शोभेची की शिकण्याची?

शाळेतून आलेल्या मुलाच्या नखांत माती दिसली की घरात पहिला प्रश्न येतो, "कुठे लोळत होतास?" आज बाईंनी वाफे करायला लावले, असे त्याने सांगितले की दुसरा प्रश्न ठरलेला : "आम्ही तुला शिकायला पाठवतो की माती उकरायला?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. अब्बूंनी आयुष्यभर अंगमेहनत केलेली असते. मुलाने शिकून सुखाची नोकरी करावी, ही त्यांची इच्छा रास्तच आहे. तेव्हा परसबागेत मूल नेमके काय शिकते, हे त्यांना सांगायलाच हवे.

वर्ध्याची आठवण

ऑक्टोबर १९३७ मध्ये महात्मा गांधींच्या पुढाकाराने वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. हाताने काम करीत शिकण्याच्या योजनेचा आराखडा तयार करण्यासाठी एक समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष होते जामिया मिलिया इस्लामियाचे डॉ. झाकिर हुसेन. तेच पुढे १९६७ मध्ये राष्ट्रपती झाले. समितीने सुचवलेल्या उद्योगांत सूतकताई आणि सुतारकामाबरोबर शेती होती, फळांची आणि भाजीपाल्याची बागही होती. मात्र या कामातून उत्पन्न किती निघते याकडेच लक्ष गेले तर शिक्षणाचा हेतू मागे पडेल, असा इशाराही अहवालात दिला होता. डॉक्टरसाहेब स्वतः गुलाबांचे मोठे शौकीन होते. मातीत हात घालणे त्यांना कमीपणाचे वाटत नव्हते. मुलांना फुकटचे मजूर बनवणे मात्र त्यांना मान्य नव्हते.

याच विचाराची 'आनंद निकेतन' ही शाळा सेवाग्रामच्या आश्रम परिसरात २००५ पासून पुन्हा सुरू आहे. तिथे शेती आणि स्वयंपाक हे मुलांच्या रोजच्या शिक्षणाचेच भाग आहेत.

मजुरी कुठे संपते, धडा कुठे सुरू होतो?

"चला, तण काढा," एवढेच सांगितले तर ती मजुरी झाली. "एक मीटर रुंदीच्या वाफ्यात २० सेंटिमीटरवर ओळी पाडायच्या, तर किती ओळी बसतील?" असे विचारले की गणित सुरू होते. कोणी पाच म्हणतो, कोणी सहा. कडेला जागा सोडायची की नाही यावर वाद होतो. मग टेप घेऊन प्रत्यक्ष मोजावे लागते.

पाण्याचा धडाही असाच. सारख्या आकाराचे दोन वाफे घ्यावेत. एकावर वाळलेल्या पानांचा जाड थर पसरावा, दुसरा उघडा ठेवावा. माती बोटभर खोल कोरडी लागली तरच पाणी घालायचे आणि किती मग घातले ते वहीत लिहायचे. पंधरा दिवसांनी दोन्ही बेरजा समोर ठेवल्या की पाणी कसे वाचते, हे भाषण न देता कळते.

भोपळ्याचा वेल तर अख्खा विज्ञानाचा तास आहे. त्याला नर आणि मादी फुले वेगवेगळी येतात. मादी फुलाच्या मागे इवलासा भोपळा दिसतो. मधमाशीने नर फुलातले पराग तिथवर पोहोचवले नाहीत, तर तो पिवळा पडून गळतो. हे एकदा पाहिलेले मूल कीटकनाशकाची फवारणी करण्याआधी थांबून विचार करते. चवळीचे रोप उपटून पाहिले की मुळांवर बारीक गाठी दिसतात. त्यांतले जिवाणू हवेतला नत्र रोपाला मिळवून देतात. डब्यातली केळ्याची साल, भाजीची देठे आणि सुका पाला खड्ड्यात थरांनी टाकून, ओल राखून, अधूनमधून वरखाली केले तर दोन-तीन महिन्यांत खत होते. 'कचरा' हा शब्द मग मुले जपून वापरू लागतात.

बाग का वाळते?

शालेय पोषण आहारासाठी शाळांनी परसबाग करावी, अशा केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचना २०१९ पासून आहेत. काही ठिकाणी त्यातून ताजी पालेभाजी मुलांच्या ताटात येते. काही ठिकाणी मात्र फलक रंगतो, फोटो निघतो आणि पाणी शिपाईमामांना घालावे लागते. अशा बागेत मुलांचे काहीच नसते.

दुसरी अडचण मे महिन्याच्या सुट्टीची. यावर उपाय म्हणजे शाळेच्या वर्षाबरोबरच बागेचे वर्ष चालवणे. पावसाळ्याच्या तोंडाशी भोपळा, दोडका, भेंडी लावावी. थंडीत मेथी, पालक, मुळा घ्यावा. मेथी तर महिन्याभरात काढणीला येते. मार्चपर्यंत बाग आटोपून बी राखून ठेवावे. एक दुधी वेलावरच पूर्ण वाळू द्यावा. त्याचे बी पुढच्या वर्गातल्या मुलांच्या हाती द्यावे.

पीक बुडाले तरी तो धडाच असतो. मावा पडला, बकरी शिरली, पाणी जास्त झाले, यांपैकी काय घडले ते मुलांनीच शोधावे. गुरुजींनी रातोरात नवी रोपे आणून लावली, तर शिकायचे ते राहूनच जाते.

घरातून काय करता येईल?

मोहल्ल्यातल्या अनेक शाळांना मैदानही नसते. तिथे तेलाच्या रिकाम्या डब्याला खाली भोके पाडून किंवा गोणीत माती-खत भरून गच्चीवर सुरुवात करता येते. ऊन चार-पाच तास मिळाले तरी मेथी आणि कोथिंबीर येते. घरी वजूचे पाणी बादलीत साठवले तर ते कुंड्यांना चालते, कारण त्यात साबण नसतो. ही बादली नेण्याचे काम मुलगा आणि मुलगी दोघांकडेही द्यावे. मुलीने झाडायचे आणि मुलाने फक्त पाहायचे, अशी वाटणी नको.

पुढच्या पालकसभेत गुणांबरोबर एवढेच विचारा : बागेतला कोणता वाफा माझ्या मुलाचा आहे? त्यात काय लावायचे हे कोणी ठरवले? त्याची नोंदवही कुठे आहे? उत्तरे मिळाली तर समजा, नखांतली माती वाया गेलेली नाही. त्या संध्याकाळी त्याने आणलेली मेथीची जुडी अम्मीने निवडावी आणि अब्बूंनी आवडीने खावी. ताटात वाढलेली भाजी टाकू नये, हे त्याला पुन्हा पुन्हा सांगावे लागणार नाही. ती यायला किती दिवस लागतात, हे त्याने स्वतः मोजलेले असेल.