क्लास निघाला, मूळ क्लास मागेच

व्हिज्युअल फॉक्सप्रोची क्लास लायब्ररी म्हणजे प्रत्यक्षात एक डीबीएफ टेबलच. फक्त फाइलचं एक्स्टेन्शन व्हीसीएक्स, आणि मेमो फील्डमधला लांबलचक मजकूर जोडीच्या व्हीसीटी फाइलमध्ये. त्यामुळे एका लायब्ररीतला क्लास दुसरीत नेणं ही मुळात काही रेकॉर्डची नक्कल असते. ‘ॲड क्लास’ ही कमांड ते करते. दोन्ही लायब्ररी प्रोजेक्ट मॅनेजरमध्ये असतील तर माउसने ओढूनही भागतं.

खरी गोम पुढे आहे. नक्कल होते ती त्या क्लासच्या व्याख्येची, तो ज्या क्लासवरून बेतला त्याची नव्हे. तो मूळ क्लास कुठल्या लायब्ररीत आहे, हे ‘क्लासलॉक’ नावाच्या फील्डमध्ये नोंदलेलं असतं. नवी लायब्ररी एकटीच दुसऱ्या मशीनवर नेली, की फॉक्सप्रो जुनी लायब्ररी मागू लागतो. ‘रिनेम क्लास’ तर त्याहून बेफिकीर, कारण इतर क्लासमधले जुन्या नावाचे उल्लेख ती बदलतच नाही. मग लायब्ररी साध्या टेबलासारखी ‘यूज’ने उघडून फील्ड हाताने दुरुस्त करायची (आधी बॅकअप घ्यायचा, हे काय सांगायला हवं?). २००४ साली आलेली ९.० ही या भाषेची शेवटची मुख्य आवृत्ती. त्यातही लायब्ररीची ही टेबलवजा घडण कायम राहिली.