जैनथचा शिलालेख आणि खिशातले ग्रंथालय

गेल्या कार्तिकातली गोष्ट. जैनथला लक्ष्मीनारायणाच्या उत्सवाचे दिवस होते आणि शेतांतून कापसाची वेचणी चालू होती. एका सायंकाळी आम्ही त्या गावी एका परिचित कुटुंबाकडे गेलो असता घरातील नववीतल्या मुलाने आम्हांला विचारले, "फादर, आमच्या गावचं देऊळ कुणी बांधलं?" शाळेत त्याला गावाच्या इतिहासावर पानभर मजकूर लिहून न्यायचा होता, आणि तोही तेलुगूत. त्याने मोबाइलवर शोध करून ठेवलाच होता. पल्लव सरदाराने हे देऊळ बांधले, तेथे प्राकृत भाषेतला वीस श्लोकांचा शिलालेख आहे, असे त्याला चार निरनिराळ्या ठिकाणी सापडले होते.

"चार ठिकाणी लिवलंय म्हंजे खरंच असन," ओसरीवर बसलेले त्याचे आजोबा म्हणाले.

आम्ही ती चारही पाने वाचून पाहिली. चारही पानांवर वाक्य एकच, शब्दांचा क्रमही तोच. याचा अर्थ चौघांनी शोध केला असा नसून एकाने लिहिले आणि तिघांनी उतरवून घेतले, एवढाच होता. शिवाय पल्लवांचे राज्य कांचीचे; ते पैनगंगेच्या काठावर कसे पोहोचले, ही शंका इतिहासाचे जुजबी ज्ञान असणाऱ्यासही यावी. म्हणून मुलाला जवळ बसवून आम्ही मुळाशी जाण्याचा प्रयत्न केला. त्या तासाभरात जे घडले ते आमच्या वाचकांस सांगावे, आणि त्या निमित्ताने इंटरनेटवरील काही चांगल्या जागांची ओळख करून द्यावी, असा ह्या लेखाचा हेतू आहे. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी मोबाइल आहे, पण तो उघडला की कोठे जावे हे ठाऊक नसल्याने संध्याकाळ अर्ध्या-अर्ध्या मिनिटाच्या चित्रफिती पाहण्यात सरते, आणि झोपताना काय पाहिले ते आठवत नाही.

पहिली जागा म्हणजे 'इंटरनेट आर्काइव्ह'. आर्काइव्ह डॉट ऑर्ग असे लिहिले की ती उघडते. अमेरिकेत १९९६ साली स्थापन झालेले हे एक विनामूल्य ग्रंथालय असून जगभरची लक्षावधी जुनी पुस्तके पानोपान छायाचित्रे काढून तेथे ठेवलेली आहेत. मराठी पुस्तकेही भरपूर आहेत. भारतातील शिलालेख व ताम्रपट ज्यात विद्वानांनी वाचून प्रसिद्ध केले, त्या 'एपिग्राफिया इंडिका' ह्या सरकारी ग्रंथमालेचे खंडही तेथे मिळतात. मुलाने गावाचे नाव इंग्रजीत घातले, पण काहीच हाती लागेना. मग आम्हांला सुचले की इंग्रजी अमदानीत गावांची नावे निराळी लिहीत. शेवटच्या 'थ'च्या जागी 'द' घालून 'जैनद' असे लिहिताच २२ वा खंड पुढे आला. १९३३-३४ सालचा. त्यात आपल्या जैनथच्या शिलालेखावर सबंध एक लेख आहे!

लेख इंग्रजी, त्यातील मूळ मजकूर संस्कृत. मुलगा घाबरला. परंतु मोबाइलमध्ये छापील पानाचे छायाचित्र धरले की त्याचा मराठी अनुवाद दाखवणारी सोय आहे. तिचे मराठी ओबडधोबड असते, तरी अर्थाची वाट दिसते. उरलेले आम्ही समजावून सांगितले. तो शिलालेख पल्लवांचा मुळीच नाही. माळव्याच्या परमार घराण्यातील उदयादित्य राजाचा मुलगा जगद्देव याच्या काळचा तो आहे, म्हणजे स्थूलमानाने अकराव्या शतकाचा शेवट किंवा बाराव्याचा आरंभ. त्यात जगद्देवाच्या पराक्रमांचे वर्णन आहे. आंध्राच्या राजावरील विजय आहे, कर्नाटकातील दोरसमुद्राची, म्हणजे आजच्या हळेबीडची लढाई आहे. आणि शेवटी मुख्य गोष्ट: जगद्देवाचा लोलार्क नावाचा दाहिम कुळातील एक अधिकारी होता, त्याच्या पत्नीने, पद्मावतीने, निंबादित्याचे म्हणजे सूर्याचे मंदिर बांधविले.

आजोबा इतका वेळ गप्प होते. ते एकदम म्हणाले, "म्हंजे बाईनंच बांधलं म्हणा की!" आणि स्वयंपाकघरातून मुलाची आजी बाहेर आली ती पुन्हा आत गेलीच नाही.

देवळात वर्षाच्या ठराविक दिवसांत सकाळचे ऊन थेट मूर्तीच्या पायाशी पोहोचते असे गावकरी अभिमानाने सांगतात. सूर्याच्या मंदिराचा शिलालेख तेथे असावा, हे ऐकून मुलाचे डोळे चमकले. परंतु आम्ही त्याला बजावले की शिलालेखातले देऊळ आदित्याचे, आजचे नारायणाचे. तेव्हा दोन्ही एकच, असे उद्या वर्गात ठोकून देऊ नकोस. लोक काय सांगतात ते एका परिच्छेदात लिही, दगडावर काय कोरले आहे ते दुसऱ्यात लिही. त्याने तसेच लिहून नेले. त्याच जगद्देवाचा आणखी एक शिलालेख पैनगंगेच्या पलीकडे, यवतमाळ जिल्ह्यातील डोंगरगावी आहे, आणि त्यावर शके १०३४, म्हणजे इसवी सन १११२, असे वर्षही आहे. नदीच्या दोन्ही तीरांवर सोयरिकी असलेल्या आमच्या कुटुंबांना हे वाचून बरे वाटेल. आज मध्ये राज्याची सीमा असली तरी नऊशे वर्षांपूर्वी दोन्ही काठांवर एकाच राजाचे नाव कोरले जात होते.

असो. शिलालेखातच फार वेळ गेला; पण उगाच गेला नाही. कोणत्याही गोष्टीसाठी इंटरनेटवर जाताना दोन गोष्टी पाहाव्यात असे आम्हांला वाटते: हे कोणी लिहिले, आणि त्याने ते कोठून घेतले.

ह्या कसोटीस उतरणारी मराठीतील पहिली जागा 'मराठी विश्वकोश' होय. वाईस बसून तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी ज्याची उभारणी केली आणि ज्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला, तो वीस खंडांचा ग्रंथ आता संकेतस्थळावर फुकट वाचावयास मिळतो. नोंदीच्या शेवटी लिहिणाऱ्याचे नाव असते, हे त्याचे मोठे वैशिष्ट्य. कापूस, सर्पदंश, क्षयरोग, ग्रहणे, काय हवे ते उघडावे. भाषा जरा जड आहे, काही आकडे जुने आहेत, पण नववी-दहावीच्या मुलाला आईवडिलांनी शेजारी बसून वाचून दाखविण्याजोगे असे दुसरे काही मराठीत नाही. 'विकिपीडिया'ची मराठी आवृत्ती २००३ पासून आहे. ती आरंभ म्हणून चांगली, शेवट म्हणून नव्हे, कारण तेथे कोणीही लिहू शकतो.

आमच्या मुलांची शाळा तेलुगूची आणि घर मराठीचे. बोलणे येते, पण वाचताना अडखळतात, आणि दर पिढीत आजीचे चार शब्द गळतात. त्यांच्यासाठी एक गंमत सुचवितो. मोल्सवर्थ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने ब्राह्मण पंडितांच्या साह्याने मराठीचा कोश केला. १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत साठ हजारांच्या घरात शब्द आहेत. शिकागो विद्यापीठाने तो संकेतस्थळावर ठेवला असून देवनागरीत शब्द घालून शोधता येतो. अर्थ इंग्रजीत आहेत, म्हणजे मुलाची इंग्रजीही सुधारते. त्या रात्री आजीने अवजारांची, पाखरांची आणि गवतांची नावे सांगावीत आणि नातवाने ती शोधावीत, असा खेळ दहा वाजेपर्यंत चालला. जो शब्द कोशात सापडे त्याचा गुण आजीला, न सापडे त्याचाही आजीलाच!

आता शेतीचे. पावसासाठी शेजाऱ्याने पाठविलेल्या निरोपावर विसंबण्यापेक्षा भारतीय हवामान विभागाचे 'मौसम' हे संकेतस्थळ पाहावे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले 'दामिनी' हे अ‍ॅप वीज जवळपास पडण्याची शक्यता असली की आधी इशारा देते. रानात एकट्याने काम करणाऱ्याच्या मोबाइलवर ते असलेच पाहिजे. कापूस महामंडळाने २०२५ पासून 'कपास किसान' हे अ‍ॅप काढले असून आधारभूत किमतीने कापूस घालण्यासाठी त्यात नाव नोंदवून दिवस ठरवून घ्यावा लागतो. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाची ती किंमत क्विंटलला ८,११० रुपये ठरली. ज्यांची शेते दोन्ही काठांवर आहेत त्यांनी लक्षात ठेवावे: तेलंगणातील जमिनीचे कागद २०२० पासून 'धरणी'वर असत, एप्रिल २०२५ पासून त्याच्या जागी 'भू भारती' आले आहे, नदीपलीकडचा सातबारा 'महाभूलेख'वर मराठीत दिसतो.

ही नावे आम्ही मुद्दाम लिहून देत आहो, त्याला एक दुःखद कारण आहे. आमच्या परिचयातील एका शेतकऱ्याला व्हॉट्सअ‍ॅपवर किसान योजनेच्या नावाने एक फाईल आली. ती त्याने उघडली, आणि मुलीच्या लग्नासाठी ठेवलेली कापसाची रक्कम सकाळपर्यंत खात्यातून गेली. लाजेपोटी तो तीन दिवस कोणाशी बोलला नाही, आणि ते तीन दिवसच घातक ठरले. असे झाल्यास तत्काळ १९३० ह्या क्रमांकावर फोन करावा. पैसा पुढच्या खात्यात सरकण्यापूर्वी कळले तर तो अडविता येतो. सरकारी अ‍ॅप निरोपातून येत नसते. ते आपण होऊन प्ले स्टोअरवरून घ्यावयाचे असते.

निव्वळ करमणुकीचेही थोडे सांगू, नाहीतर आम्ही फक्त उपदेशच करतो असे तरुण वाचक म्हणतील. बुद्धिबळ खेळणाऱ्यांनी 'लिचेस' पाहावे. पैसे नाहीत, जाहिराती नाहीत, आणि रात्री कोठल्यातरी दूरच्या देशातला गडी समोर बसतो. नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये महिलांचा विश्वचषक जिंकल्यापासून मुलींनाही हा पट खुणावू लागला आहे. 'रेडिओ गार्डन'वर पृथ्वीचा गोल दिसतो. त्यावर बोट ठेवावे आणि त्या गावचे रेडिओ केंद्र ऐकावे. ज्यांची मुले आखातात नोकरीस आहेत अशा आईबापांना तर तेथे फार वेळ रमावेसे वाटेल.

आणि नासाचे 'स्पॉट द स्टेशन'. सुमारे चारशे किलोमीटर उंचीवरून दीड तासात पृथ्वीप्रदक्षिणा करणारे अंतराळ स्थानक आपल्या गावावरून केव्हा जाणार, ते त्यावर कळते. जैनथच्या त्या घरी पुढे एकदा आम्ही गेलो तेव्हा पहाटे साडेपाचला मुलाने सर्वांना उठवून अंगणात आणले. काळोख होता, गार वारा होता. वायव्येकडून एक तेजस्वी ठिपका, न लुकलुकता, वर चढू लागला. त्यात माणसे आहेत, असे मुलाने सांगितले. आजीने पदर सावरला, त्या ठिपक्याकडे पाहून हात हलविला, आणि तो दिसेनासा होईपर्यंत ती हलवीतच राहिली.